शेवटच्या बाकावरचा धोंड

वाचकाचं पत्र (थोडं कापून)

ताई, मी डिचोली तालुक्यातला. वय 34, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. बाबा शिरगावच्या लईराई देवीचे धोंड (व्रत धरून जत्रेत होमखंडातून चालणारे भक्त) होते, सोळाव्या वर्षापासून मीही आहे. चार वर्षांपूर्वी बाबा म्हापशाच्या इस्पितळात अकरा दिवस होते. रात्री मी असायचो. सकाळी धाकटा भाऊ आला की बस पकडण्याआधी मी मिलाग्रीच्या इगर्जीत (चर्चमध्ये) जाऊन बसायचो. फेस्ताला आम्ही लहानपणापासून जातो, सायबीण, म्हणजे मिलाग्रीची मरियामाता, ही लोकांच्या गोष्टीत लईराईची बहीण, त्यामुळे परकं वाटलं नाही. बाबा गेले, मी जातच राहिलो. आता तीन वर्षं दर रविवारी मिसाला (इगर्जीतल्या सामूहिक प्रार्थनेला) शेवटच्या बाकावर असतो. गायनाचं पुस्तक रोमी लिपीत, मला झटकन वाचता येत नाही, नुसतं तोंड हलवतो. शेजारी बसणारे एक म्हातारे गृहस्थ बोट ठेवून ओळ दाखवतात. मराठी बायबल घेतलंय, ते कपाटात कपड्यांखाली असतं. तिथे शांत वाटतं. फादरांशी बोललो. ते म्हणाले, घाई नाही, शिकवणीला येऊन बस, मनात पक्कं झालं तर पुढच्या ईस्टरला बाप्तिस्मा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, माझ्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही." मुलगी सहा वर्षांची. आईला काहीच माहीत नाही. काकांना कळलं तर म्हणतील, बाटला, आता घरात वाटा नाही. गेलो तर घरच्यांना फसवतोय असं वाटतं, नाही गेलो तर स्वतःला. काय करू?

उत्तर

तू मला ताई म्हटलंस, पण वयाने मी तुझ्या आईच्या आसपासची असेन, म्हणून एकेरीत लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी देवळात जाणारी बाई आहे, चतुर्थीला माटोळी बांधणारी. माझा कल कुठे झुकू शकतो ते तुला माहीत असलेलं बरं. वाचताना तेवढं वजा करून वाच.

तुझ्या मूळ पत्रात "शांत वाटतं" हे शब्द पाच वेळा आलेत. पत्र कापल्यामुळे वाचकांना ते एकदाच दिसतील, पण मी मोजले. सकाळच्या वेळी इगर्जीत शांत वाटतंच रे. उंच छप्पर, मेणाचा वास, कुणी मोठ्याने बोलत नाही, कुणी तुझ्याकडे काही मागत नाही. मला तसं मंगेशीच्या तळीच्या पायरीवर वाटतं. आणि खरं सांगायचं तर दुपारी रिकाम्या असलेल्या वाचनालयातही वाटतं. रात्रभर इस्पितळाच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला तर कुठेही, जिथे सलाइनची बाटली दिसत नाही तिथे, शांत वाटेल. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर धर्म बदलायचा नसतो.

त्यातून आपण गोव्यात राहतो. इथे इगर्जीच्या बरंच आत जाता येतं, काहीही न ठरवता. मिलाग्रीच्या फेस्ताला तेल वाहायला रांगेत किती हिंदू बायका असतात ते तू पाहिलंयस. सात बहिणींची गोष्ट तुला मी काय सांगणार. शिरगावहून सायबिणीला तेल जातं आणि तिकडून लईराईला मोगरा येतो असं जुनी माणसं सांगतात. जांबावलीच्या दामोदराला नवस बोलणारे ख्रिस्ती आहेत. जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवप्रदर्शनाला दहा वर्षांनी एकदा जी रांग लागते, तिच्यात कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. मेणबत्ती लावायला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. म्हणजे आज तुला तिथे जे मिळतंय ते उद्याही मिळेल, आहेस तसाच राहिलास तरी. शेवटच्या बाकावरून तुला कुणी उठवणार नाही.

मग बाप्तिस्मा कशासाठी? तो विधी नीट समजून घे, म्हणजे तुझा प्रश्न काय आहे ते तुला दिसेल. पाणी ओतण्याआधी तुला सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात. आधी, सैतानाला आणि त्याच्या कामांना तू नाकारतोस का. मग, जगाचा निर्माता जो पिता त्याच्यावर तुझा विश्वास आहे का. मग येशू ख्रिस्तावर, जो कुमारी मरियेपासून जन्मला, दुःख भोगून मेला, पुरला गेला आणि मेलेल्यांतून उठला, त्याच्यावर आहे का. मग पवित्र आत्म्यावर, चर्चवर, पापांच्या क्षमेवर. दर वेळी उत्तर तुझ्या तोंडून यायला हवं. तुझ्या बाजूने दुसऱ्या कुणी बोलून चालत नाही. तान्ह्या मुलाचे आईबाप त्याच्यासाठी बोलतात, 34 वर्षांच्या मास्तरासाठी कोण बोलणार? या प्रश्नांत "इथे शांत वाटतं का" हा प्रश्न नाही.

आपल्याला याची सवय नसते. आपल्या घरात देव मानायचा म्हणजे त्याचं करायचं: सोवळं, नैवेद्य, जत्रा. तू विश्वास ठेवतोस का, असं धोंड होताना तुला कुणी विचारलं होतं? उपास धरलास, बाबांच्या मागून तळीत उतरलास आणि होमखंडातून चालत गेलास. इथे मात्र एका विशिष्ट माणसाबद्दल, पंतय पिलात नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत घडलेल्या गोष्टीबद्दल, हो किंवा नाही म्हणायचं आहे. तो उठला का? नुसता चांगला माणूस, थोर संत, बोधकथा सांगणारा गुरू म्हणून येशू आवडत असेल, तर तसा तो आपल्या निम्म्या गोव्याला आवडतो. त्यासाठी आईला रडवण्याची गरज नाही.

म्हणून तुला एक काम देते, मास्तर आहेस, गृहपाठ तुला चालेल. मिसात विश्वासाची जी घोषणा सगळे उभं राहून म्हणतात, ती मराठीत मिळव. एका कागदावर एकेक वाक्य उतरव. पेन्सिल घे. जे मनापासून पटतं त्यावर खूण, जे पटत नाही त्यावर फुली, जे कळतच नाही त्यावर प्रश्नचिन्ह. फादरांना दाखवण्यासाठी करू नकोस, मला पाठवण्यासाठी तर नकोच. तीन महिन्यांनी पहिल्या कागदाकडे न बघता पुन्हा कर. प्रश्नचिन्हं असली म्हणून घाबरू नकोस. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशी त्या त्रैक्यापासून आज्ञापालनापर्यंत सगळ्यावर वाद घालत राहिल्या. दुसऱ्याच्या डोक्याने विश्वास ठेवणार नाही हा त्यांचा हेका होता. मला तो फार आवडतो. फुल्या मात्र जास्त असतील, आणि त्यातली एक "मेलेल्यांतून उठला" या ओळीवर असेल, तर पुढच्या ईस्टरला तू त्या रांगेत असू नयेस. तिथे उभं राहून "होय" म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि तेही अशा जागी जिथे तुला खोटं बोलायचं नाहीये म्हणून तू जातोस.

फादरांनी घाई नाही म्हटलं ते नुसतं सौजन्य नव्हे. मोठ्या माणसाला शिकवणीशिवाय, पारखल्याशिवाय बाप्तिस्मा देऊ नये असा चर्चचा स्वतःचाच कायदा आहे. काही महिने, कुठे वर्ष, त्याहूनही जास्त. शेवटच्या रात्रीपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्रीपर्यंत, तू माघार घेऊ शकतोस आणि कुणी तुला दोष देणार नाही. एकदा झाला की मात्र तो कायमचा. चर्चच्या लेखी बाप्तिस्मा पुसता येत नाही आणि दुसऱ्यांदा देता येत नाही. शिकवणीला बसणं म्हणजे होकार नव्हे. जाऊन बस. आणि कुणी जर दोन रविवारांत उरकू म्हणाला, किंवा आधी घरातले देव बाहेर काढ म्हणाला, तर तो कुठल्या का पंथाचा असेना, तिथून चप्पल घालून निघ. घरातला देव्हारा तुझ्या एकट्याचा नाही, बायकोने तुला ते सांगितलेलंच आहे.

बाबांविषयी एकच विचारते. रविवारी शेवटच्या बाकावर तू देवाला भेटायला जातोस की बाबांच्या त्या अकरा दिवसांना? दोन्ही असू शकतं. दुःखातून देव सापडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दुःख ओसरल्यावर देवही ओसरलेली पाहिली आहेत. तुझी चार वर्षं झाली, म्हणजे नुसती लाट नाही ही. पण स्वतःला विचारून ठेव.

आता काठी. तू पत्रात तिचा उल्लेख केला नाहीस, पण धोंडाच्या घरात ती असणारच, भिंतीला टेकवलेली, गोंडे लावलेली वेताची काठी. बहुधा दोन असतील, एक बाबांची. बाप्तिस्म्यानंतर वैशाख शुद्ध पंचमीला तू शिरगावला व्रत धरून होमखंडातून जाऊ शकशील का? फादरांना हे तोंडावर विचार. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर "नाही" असेल. आईला जत्रेला घेऊन जाणं, गर्दीत तिचा हात धरणं, शेजाऱ्यांकडे जेवणं, हे वेगळं. दुसऱ्या देवतेचं व्रत घेणं वेगळं. सायबीण आणि लईराई बहिणी आहेत ही गोष्ट गोड आहे, आणि तिने आपल्याला शतकानुशतकं शेजारी म्हणून सांभाळलं आहे, पण त्या गोष्टीच्या आडून दोन्हीकडे राहता येईल असं स्वतःला समजावू नकोस. या बाबतीत चर्च कडक आहे, आणि लपवून दोन्ही केलंस तर फसवतोय ही तुझी भावना दुप्पट होईल. काय सोडावं लागेल ते आज बघ. अठरा वर्षांचे उपास, बाबांच्या मागून चाललेली ती पहाट. ते सोडताना दुखणार नसेल तर मला तुझी काळजी वाटेल.

बायकोबद्दल. मला ती बाई आवडली. एका वाक्यात तिने तुला मोकळीक दिली आणि स्वतःची हद्दही आखली. तिला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. तुमचं लग्न झालेलं आहे आणि चर्चही ते लग्नच मानतं, पुन्हा इगर्जीत उभं राहावं लागत नाही. देव्हारा जिथे आहे तिथेच राहील. मुलीचं मात्र आत्ताच बोलून घ्या. सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची समज आली असं चर्चचा कायदा धरतो. तुझी सहाची आहे. आई राजी नसताना तिला घाईघाईने पाण्याखाली नेऊ नकोस. ती तुझ्याबरोबर मिसाला येईल, आईबरोबर देवळात जाईल, आणि एक दिवस तुला असे प्रश्न विचारेल की शिकवणीत ऐकलेलं काही कामाला येणार नाही.

आणि आईला सांग. आधी सांग, नंतर नव्हे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरच्यांना ते मागाहून कळलं. लक्ष्मीबाईंचं त्यानंतर काय झालं ते मराठी वाचणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या वेळी. टिळकांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. त्या गुपिताबद्दल नाही. माणसाला देव नवा मिळाला तरी घरची माणसं जुनीच असतात, त्यांना बातमी तिसऱ्याकडून कळू देऊ नये. डिचोली किती मोठी आहे? म्हापशाच्या बाजारात तुझ्या गावचं रोज कोणीतरी असतं. तीन वर्षं आईला कळलं नाही यावर माझा फारसा विश्वास नाही, आणि कपड्यांखालचं पुस्तक, कपडे ठेवायला कपाट कोण उघडतं रे?

आई वाद घालणार नाही. आई विचारेल, "माझे दिवस कोण घालणार?" थोरला तू आहेस. या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून जाऊ नकोस, पण फादरांना आधी विचारून जा: आईच्या अंत्यविधीत मी काय करू शकतो, काय नाही. मग आईला विचार की तिला काय हवंय. धाकटा भाऊ आहे, तो बसू शकतो. कदाचित तिला एवढंच हवं असेल की शेवटी तू तिथे असावास. कदाचित नाही, कदाचित ती सहा महिने बोलणार नाही. ते सहा महिने सोसायची तयारी हवी. तिच्यासमोर लईराईबद्दल एक वावगा शब्द काढायचा नाही. जिने तुला धोंड केलं तिच्याचमुळे तू भक्ती शिकलास, हे खरं असेल तर तसं सांग.

काकांकडे शेवटी जा. "बाटला" हा शब्द ते वापरतील, आणि तो तुला लागेल. पण तो शब्द कुठून येतो ते लक्षात घे. डिचोलीतच नार्वेचा सप्तकोटेश्वर आहे. तो दिवाडी बेटावरचा देव, सोळाव्या शतकात देवळं पाडली जात होती तेव्हा नदी ओलांडून इकडे आणला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधवलं. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, 1560 साली आलं ते 1812 पर्यंत होतं. घरदार टाकून, मूर्ती उचलून, रातोरात पळालेल्यांची आठवण काकांच्या शब्दात आहे. त्यांना "ते जुनं झालं" म्हणायला जाऊ नकोस. एवढंच म्हण की तेव्हा जे झालं ते जबरदस्तीचं होतं आणि माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. श्रद्धेची सक्ती कुणावर होता कामा नये, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी लेखी जाहीर केलं. फार उशिरा केलं, काका म्हणतील, आणि त्यात ते चुकीचे नसतील. मान हलव आणि चहा पी.

वाट्याची धमकी मनावर घेऊ नकोस. गोव्यात वारशाचा कायदा सगळ्या धर्मांना एकच आहे. बाबांच्या वाट्यावरचा तुझा हक्क ते गेले त्याच दिवशी ठरला, तो तू कुठल्या इगर्जीत बसतोस यावर मागे जात नाही. आईलासुद्धा आपल्या निम्म्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं, उरलेला अर्धा मुलांचा. इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करण्याची कोर्टातली कारवाई) झाली नसेल तर वकिलाला भेटून करून घ्या, धर्माचं काही असो वा नसो. शाळेच्या हजेरीवरचं नावही बदलावं लागत नाही. पत्राच्या कापलेल्या भागात दाखल्यांचं तू विचारलंस पण कुठला ते लिहिलं नाहीस. अनुसूचित जातीचा दाखला 1950 च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही. जातीचा असेल तर त्याची झळ तुझ्या नोकरीला आणि कदाचित मुलीलाही लागू शकते, म्हणून आधी वकिलाला विचार.

आणि तोंड हलवण्याचं. ते वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. मराठी माणसाला इगर्जीत परकं वाटावं ही गंमतच आहे, कारण फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने इथल्या नव्या ख्रिस्तींसाठी ख्रिस्तपुराण लिहिलं ते मराठी ओव्यांत, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि ते 1616 साली आपल्या रायतूरला छापलं गेलं. शाळेच्या वाचनालयात नसेल तर मागवून घे. रोमी लिपी आठवड्याभरात येते, पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवणाऱ्याला काय अवघड. बोट ठेवून ओळ दाखवणाऱ्या त्या आजोबांना विचार. बाप्तिस्मा घ्यायचा ठरलाच तर तुला एक पाद्रिन (धर्मपिता) लागेल, नाही ठरला तरी त्यांच्याशी ओळख असू दे. तीन वर्षं शेजारी बसताय आणि त्यांचं नाव तुला माहीत नाही, असं पत्रावरून वाटलं.

ते पुस्तक कपड्यांखालून काढून टेबलावर ठेव. मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, एका बैठकीत संपतं, सुट्टीच्या दिवशी दुपारी वाच. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच श्वासात म्हणतो, माझ्या अविश्वासाला मदत कर. आणि सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते पुस्तक संपतं तिथे बायका रिकाम्या कबरीपासून पळत सुटतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. तिथे थांब, पुस्तक मिट, आणि आई मागच्या दारी तांदूळ निवडत बसली असेल तर तिच्याजवळ जाऊन बस. जत्रेच्या आधी तिच्याशी बोल. काठी मात्र तिला विचारल्याशिवाय भिंतीवरून हलवू नकोस.

कागदावर कुठल्या ओळी अडल्या ते कळवलंस तर वाचायला मला आवडेल.